विद्युतभारित फवाऱ्याने नॅनोकणांचा थर छापताना विद्युतदाब वाढवूनही थेंब लहान का होत नाहीत?

प्रश्न : मिरजकर

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागात झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचे पातळ थर तयार करून त्यांचा वायुसंवेदक म्हणून कितपत उपयोग होतो, हे तपासण्याचा एक विद्यार्थी-प्रकल्प सुरू आहे. आजवर विभागात स्पिन कोटिंग आणि स्प्रे पायरोलिसिस याच दोन पद्धती वापरल्या जात होत्या. स्पिन कोटिंगमध्ये काच वेगाने फिरवून द्रव पसरवतात, त्यात बहुतेक द्रव काचेवरून बाहेर फेकला जाऊन वाया जातो. स्प्रे पायरोलिसिसमध्ये थर तापलेल्या काचेवर रासायनिक अभिक्रियेने घडतो, त्यामुळे आधीच तयार करून ठेवलेले ठरावीक आकाराचे कण जसेच्या तसे काचेवर बसवायचे असतील तर ती पद्धत सोयीची पडत नाही. म्हणून विद्युतभारित फवाऱ्याची, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेची, मांडणी आम्ही स्वतः जुळवली आहे.

मांडणी साधी आहे. सिरिंज पंपाला २२ गेजची बोथट टोकाची सुई जोडलेली असून ती खाली रोखलेली आहे. सुईला धन विद्युतदाब दिला जातो आणि तिच्याखाली ३ सेंटिमीटरवर अर्थ केलेली ॲल्युमिनियमची पाटी आहे, जिच्यावर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक विद्युतवाहकाचा) लेप असलेली काच किंवा प्लॅस्टिकची फिल्म ठेवली जाते. शाई म्हणून सुमारे ३० नॅनोमीटरचे झिंक ऑक्साइडचे कण इथेनॉलमध्ये वजनाने १ टक्का या प्रमाणात मिसळले आहेत आणि द्रवाचा प्रवाहदर ताशी १ मिलिलिटर आहे.

सुमारे सव्वाचार किलोव्होल्टला सुईच्या टोकाशी स्थिर शंकू आणि त्यातून निघणारी बारीक धार दिसू लागते. विद्युतदाब आणखी वाढवला की थेंब बारीक होतील अशी अपेक्षा होती, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ठिपक्यांच्या आकारात फारसा फरक पडत नाही आणि शेवटी एका धारेच्या जागी दोन-तीन धारा निघू लागतात. थर भुकटीसारखा बसतो आणि बोट लावले की निघून येतो. सुई खाली आणली तर मधोमध ओले डबके साचते आणि सुकल्यावर त्याच्या कडेला जाड कडे उरते. प्लॅस्टिकच्या फिल्मवर तर काही सेकंदांनंतर फवारा बाजूला पळू लागतो आणि थर फिल्मवर बसण्याऐवजी भोवतालच्या ॲल्युमिनियमवर बसतो. इथेनॉलऐवजी शुद्ध पाणी वापरून पाहिले, तेव्हा शंकू स्थिरावण्याआधीच सुईच्या टोकाशी निळसर प्रकाश दिसू लागला. यातील कोणती अडचण मांडणीची आहे आणि कोणती द्रवाची, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. याच मांडणीने पुढे रेषा छापता येतील का, हेही जाणून घ्यायचे आहे.


प्रतिसाद : कणाद

आपण दिलेले तपशील पुरेसे असल्याने बोलणे सोपे झाले आहे. थेंबांचा आकार प्रामुख्याने विद्युतदाबाने ठरत नाही, आणि आपल्याला दिसलेले वर्तन मांडणी बिघडल्याचे नसून ती नीट चालत असल्याचे लक्षण आहे.

विद्युतक्षेत्रात द्रवाच्या पृष्ठभागावर गोळा झालेला विद्युतभार पृष्ठभागाला बाहेर ओढतो आणि पृष्ठताण त्याला आत ओढतो. एखादा थेंब किती विद्युतभार सहन करू शकेल, याची मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच काढून दाखवली होती. सुईच्या टोकाशी लोंबणाऱ्या विद्युतभारित द्रवाचा पद्धतशीर अभ्यास आणि त्याची छायाचित्रे जॉन झेलेनी यांनी १९१४ ते १९१७ या काळात प्रसिद्ध केली, आणि १९६४ मध्ये जी. आय. टेलर यांनी या दोन ओढींचा समतोल साधणाऱ्या शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश येतो हे गणिताने सिद्ध केले. शंकू उभा राहण्यासाठी लागणारा विद्युतदाब द्रवाचा पृष्ठताण, सुईची बाह्य त्रिज्या आणि सुईपासून पाटीचे अंतर यांवर अवलंबून असतो. आपल्या २२ गेजच्या सुईचा बाह्य व्यास सुमारे ०.७२ मिलिमीटर आहे. ३ सेंटिमीटर अंतर आणि इथेनॉलचा मीटरला २२ मिलिन्यूटन हा पृष्ठताण नेहमीच्या सूत्रात घातला, तर उत्तर जवळजवळ ४.२ किलोव्होल्ट येते, म्हणजे आपण पाहिले तेच. पाण्याचा पृष्ठताण ७२ आहे आणि लागणारा विद्युतदाब पृष्ठताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच आकडा साडेसात किलोव्होल्टच्या पुढे जातो. तेवढ्या विद्युतदाबाला टोकाजवळचे क्षेत्र इतके तीव्र होते की शंकू स्थिरावण्याआधीच हवा आयनीभूत होऊ लागते. आपल्याला दिसलेला निळसर प्रकाश म्हणजे हेच हवेतील विद्युतविसर्जन, ज्याला कोरोना म्हणतात. पाण्याचाच आग्रह असेल तर सुईभोवती कार्बन डायऑक्साइडचा संथ झोत सोडतात, कारण तो वायू मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो आणि विद्युतविसर्जन लांबणीवर पडते. पण तुमच्या कामासाठी ती यातायात करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

एकदा शंकू उभा राहिला की त्यातून निघणाऱ्या धारेची जाडी द्रवाच्या गुणधर्मांवर आणि प्रवाहदरावर ठरते. फर्नांडेझ दे ला मोरा आणि लोसेर्तालेस यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार थेंबाचा व्यास हा प्रवाहदर आणि परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) यांच्या गुणाकाराला वाहकतेने भागून आलेल्या राशीच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो, आणि या सूत्रात विद्युतदाब कोठेच येत नाही. सर्वसाधारण इथेनॉलची वाहकता सेंटिमीटरला १ मायक्रोसीमेन्सच्या आसपास धरली, तर ताशी १ मिलिलिटरला थेंब साधारण पाच ते दहा मायक्रोमीटरचे असावेत. घनमुळामुळे आकारावरची पकड मात्र सैल असते: व्यास निम्मा करायचा असेल तर प्रवाहदर आठपट घटवावा लागतो किंवा वाहकता आठपट वाढवावी लागते.

प्रवाहदर हवा तितका घटवता येत नाही, कारण विशिष्ट किमान मर्यादेखाली शंकू टिकत नाही आणि धार तुटक होऊ लागते. आपल्या इथेनॉलसाठी ही मर्यादा ढोबळमानाने ताशी ०.२ मिलिलिटर येते. हीच मर्यादा वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून ज्यांना खरोखरच बारीक थेंब हवे असतात ते आधी वाहकता वाढवतात आणि मग प्रवाहदर खाली आणतात.

फवारा स्थिर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा विद्युतधारा मोजून ठरवावे, असे मी आग्रहाने सांगेन. पाटी थेट अर्थ न करता १ मेगओहमच्या रोधकामार्फत अर्थ करावी आणि त्या रोधकाच्या टोकांमधील विद्युतदाब साध्या मल्टिमीटरने पाहावा. आपल्या परिस्थितीत धारा ५० नॅनोअँपिअरच्या आसपास अपेक्षित आहे, म्हणजे मीटरवर ५० मिलिव्होल्ट दिसतील. ठिणगी पडल्यास मीटर वाचावा म्हणून रोधकाला समांतर एक छोटा निऑन दिवा जोडावा. एरवी तो निष्क्रियच राहतो. शंकू-धार अवस्थेत ही धारा विद्युतदाबाबरोबर जवळजवळ बदलत नाही आणि प्रवाहदराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंप बंद करून सुईचे टोक कोरडे पडल्यावरही धारा वाहत राहिली, तर ती फवाऱ्याची नसून कोरोनाची आहे असे समजावे.


प्रतिसाद : शाईवाला

कणाद यांनी धारेबद्दल लिहिले आहे. मी थेंबाच्या पोटात काय आहे तेवढे पाहतो, कारण नॅनोकणांची शाई वापरणारे बहुतेक जण तिथेच फसतात.

वजनाने १ टक्का हे प्रमाण ऐकायला कमी वाटते. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ आणि इथेनॉलची ०.७९ असल्याने आकारमानाने ते केवळ ०.१४ टक्के होते. तरीसुद्धा ५ मायक्रोमीटरच्या एका थेंबात ३० नॅनोमीटरचे सुमारे साडेसहा हजार कण असतात. इथेनॉल उडून गेल्यावर ते सगळे एकमेकांना चिकटून अर्धा ते पाऊण मायक्रोमीटरचा एक गोळा तयार होतो, आणि तुमच्या काचेवर सुटे नॅनोकण नव्हे तर हे गोळे येऊन पडत आहेत. शाई पातळ करून एका थेंबात एकच कण आणायचा म्हटले, तर आकारमानाने दर कोटी भागांत दोन भाग इतकी विरळ शाई लागेल आणि थर तयार व्हायला जन्म जाईल. याउलट, शाई तीच ठेवून थेंब ०.५ मायक्रोमीटरचा केला, तर त्यात सहा-सात कणच उरतात, कारण व्यास दहापट घटला की आकारमान हजारपट घटते. म्हणून शाई विरळ करण्यापेक्षा थेंब लहान करणे अधिक फायद्याचे आहे.

वाहकता वाढवताना मात्र जपून. इतर प्रयोगांत इथेनॉलमध्ये नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लाचे काही थेंब टाकण्याची पद्धत आहे, पण झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते, त्यामुळे तुम्ही ती वाट धरू नये. अमोनियम ॲसिटेट अत्यल्प प्रमाणात घालून पाहता येईल. थर तापवल्यावर ते उडून जाते आणि मागे क्षार राहत नाही. तथापि कोणताही क्षार घातला की कणांभोवतीचे विद्युतभाराचे कवच आक्रसते, कणांमधील परस्पर अपसारण कमी होते आणि शाईतच गुठळ्या होऊ लागतात. शाई काचेच्या कुपीत रात्रभर ठेवून तळाशी किती साका बसतो ते पाहावे, आणि साका लक्षणीय वाढल्यास क्षार निम्मा करावा. तुमच्या जागी मी असतो तर वाहकता दहापटीपेक्षा अधिक वाढवली नसती आणि उरलेले काम प्रवाहदर घटवून केले असते.

एक जाता जाता: फवारणी तासभर चालणार असेल तर सिरिंजमध्येच कण खाली बसतात आणि शेवटी निघणारी शाई सुरुवातीच्या शाईसारखी राहत नाही. सिरिंजमध्ये छोटा चुंबक टाकून बाहेरून फिरवत राहिल्यास हा दोष बराच कमी होतो. शाई भरण्यापूर्वी अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवणे तर आवश्यकच आहे.


प्रतिसाद : निवृत्त रसायनी

वरील दोन्ही प्रतिसाद शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहेत, परंतु मूळ हेतू कोठेतरी मागे पडतो आहे असे मला वाटते. मिरजकरांना वायुसंवेदक करायचा आहे. झिंक ऑक्साइडच्या संवेदकात हवेतील ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो, आणि ज्वलनशील वायू आला की तो ऑक्सिजन वापरला जाऊन थराचा रोध उतरतो. त्यासाठी वायूला थराच्या आतपर्यंत शिरता आले पाहिजे. अर्ध्या मायक्रोमीटरच्या सच्छिद्र गोळ्यांचा फुलून आलेला थर या कामाला गुळगुळीत, घट्ट थरापेक्षा अधिक चांगला ठरण्याची शक्यता आहे. पारदर्शक विद्युतवाहक थर किंवा आरसा करायचा असता, तर गोष्ट निराळी होती. त्यामुळे ठिपक्यांचा आकार पाहून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. खरी अडचण थर बोटाला लागून निघून येतो ही आहे, आणि ती थेंबांच्या आकाराने नव्हे तर ते काचेवर किती ओले पोहोचतात यावर सुटेल.

इथेनॉलचे काही मायक्रोमीटरचे थेंब हवेत काही मिलिसेकंदांत सुकतात. ३ सेंटिमीटरच्या प्रवासात ते जवळजवळ कोरडे होत असल्याने काचेवर आदळलेला गोळा शेजाऱ्याला धरून बसत नाही. सुई जवळ आणली की उलट टोक गाठले जाते: द्रव साचतो, आणि साचलेल्या डबक्याच्या कडेला बाष्पीभवन वेगाने होत असल्याने आतला द्रव कडेकडे वाहत जाऊन कण तिथेच ठेवून येतो. कॉफीच्या डागाला गडद कडा का असते, याचे जे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये दिले तेच इथे लागू पडते. मधली अवस्था साधण्यासाठी अंतराशी खेळण्यापेक्षा द्रावक बदलणे मला श्रेयस्कर वाटते. इथेनॉलमध्ये दहाव्या हिश्शापर्यंत ब्युटेनॉल किंवा इथिलीन ग्लायकॉल मिसळावे. पहिल्याचा उत्कलनबिंदू ११७ अंश आणि दुसऱ्याचा १९७ अंश सेल्सिअस असल्याने इथेनॉल उडून गेल्यावरही गोळ्यात थोडा ओलावा उरतो, तो काचेवर पसरतो आणि कण एकमेकांना टेकतात. काच साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेली असावी, म्हणजे हा ओलावा साचून डबके होणार नाही. त्यानंतर थर ओव्हनमध्ये ४०० अंशांच्या आसपास भाजला की तो काचेला धरून राहील. अर्थात प्लॅस्टिकवर हे शक्य नाही.

सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. विद्युतदाबाचा स्रोत धारेची मर्यादा असलेलाच वापरावा आणि सुई व स्रोत यांच्यामध्ये १० मेगओहमचा, तेवढा विद्युतदाब सोसणारा रोधक घालावा. फवाऱ्याच्या ५० नॅनोअँपिअर धारेमुळे त्यावर केवळ अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे फवाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. ठिणगी पडलीच तर मात्र ५ किलोव्होल्टलाही धारा अर्ध्या मिलिअँपिअरवर अडते. द्रव स्वतः वाहक असल्याने सुईचा विद्युतदाब सिरिंजमधून पंपाच्या धातूच्या भागापर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे सुई आणि सिरिंज यांच्यामध्ये लांब प्लॅस्टिकची नळी हवी. फवारा चालू असताना विद्यार्थ्याने पंपाला हात लावता कामा नये. इथेनॉलची बाटली ठिणगी पडू शकेल अशा टेबलावर ठेवू नये, आणि सगळे काम फ्यूम हूडमध्येच व्हावे. सुटे नॅनोकण श्वासातून फुप्फुसांत खोलवर जातात आणि फवाऱ्यातील सर्वच कण पाटीवर बसतात असे समजण्याचे कारण नाही.


मिरजकर

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त रसायनी यांचा मुद्दा पटला. संवेदकासाठी थर सच्छिद्रच ठेवतो आणि ब्युटेनॉल मिसळून पाहतो. विद्युतधारा मोजण्याची सूचनाही लगेच अमलात आणता येण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या फिल्मचा प्रश्न मात्र अजून उरला आहे. शिवाय आयटीओच्या काचेवरही सुरुवातीला थर व्यवस्थित बसतो आणि नंतर काचेच्या कडांकडे सरकू लागतो, हे मी वर लिहायचे राहिले होते. आयटीओ वाहक असताना असे का व्हावे?


प्रतिसाद : कणाद

आयटीओचा लेप काचेच्या वरच्या पृष्ठभागावर आहे आणि आपली अर्थ केलेली पाटी खाली आहे. मधली काच विद्युतरोधक असल्याने लेप पाटीला जोडलेलाच नाही. तो अधांतरी आहे आणि प्रत्येक थेंबाबरोबर त्याचा विद्युतदाब चढत जातो. तांब्याची चिकटपट्टी किंवा धातूचा चिमटा वापरून लेपाची बाजू थेट पाटीला जोडावी, आणि मल्टिमीटरने ती जोडणी खरोखर झाली आहे याची खात्री करावी. बहुधा ही तक्रार तेवढ्यानेच मिटेल.

प्लॅस्टिकच्या बाबतीत हाच प्रकार अधिक तीव्र होतो. समजा १०० मायक्रोमीटर जाडीची फिल्म पाटीवर ठेवली आहे आणि ५० नॅनोअँपिअरची धारा ४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पसरून पडते आहे. फिल्मचा परावैद्युतांक ३ धरून हिशेब केला, तर तिचा पृष्ठभाग सहा-सात सेकंदांत १००० व्होल्टपर्यंत चढतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिइमाइड यांच्यासारख्या फिल्ममधून हा विद्युतभार झिरपून जायला तासन्तास लागतात, म्हणजे प्रयोगाच्या दृष्टीने तो जातच नाही. मग पुढून येणारे धनभारित थेंब त्या पृष्ठभागापासून दूर ढकलले जातात आणि जवळच्या अर्थ केलेल्या धातूवर जाऊन बसतात. आपण जे पाहिले ते हेच.

उपाय अनेक आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते. फवारा काही सेकंद चालवून थांबवणे आणि मध्ये आयनयुक्त हवेचा झोत सोडून विद्युतभार उतरवणे हा सर्वांत सरळ, पण कंटाळवाणा उपाय. सुईला आळीपाळीने धन आणि ऋण विद्युतदाब देणे हा दुसरा. त्यात एका पाळीतला भार दुसऱ्या पाळीत उतरतो, परंतु ऋण बाजूला कोरोना लवकर सुरू होत असल्याने दोन्ही बाजूंना धार स्थिर ठेवणे कठीण जाते. काच असेल तर ती तापवल्यानेच तिचा रोध झपाट्याने उतरतो, म्हणून निवृत्त रसायनी यांनी सुचवलेली तापलेली पाटी इथेही कामी येईल. प्लॅस्टिकला हा लाभ तितकासा मिळत नाही.

या अडचणीचाच कोणी उपयोग करून घेतला आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील एका गटाने विद्युतरोधक बहुवारिकांचा (पॉलिमरचा) फवारा मारताना असे दाखवले की, थर ठरावीक जाडीचा झाला की त्यावर साठलेला विद्युतभार पुढच्या थेंबांना परतवतो आणि ते अजून उघड्या असलेल्या भागांकडे वळतात. त्यामुळे वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूवरही जवळजवळ सारख्या जाडीचा लेप बसू शकतो. झिंक ऑक्साइड अर्धवाहक असल्याने आपल्याला हा परिणाम इतका स्पष्ट मिळेल असे मात्र मला वाटत नाही.


प्रतिसाद : परदेशस्थ

रेषा छापण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. माझा संबंध छापील इलेक्ट्रॉनिक्सशी आहे, म्हणून थोडे लिहितो.

आपली सध्याची मांडणी रेषा छापू शकणार नाही, कारण समान विद्युतभाराचे थेंब एकमेकांना दूर ढकलतात आणि फवारा शंकूसारखा पसरत जातो. रेषेसाठी तीच शंकू-धार वापरतात, परंतु धार फुटून पसरण्याआधीच ती पृष्ठभागावर पोहोचेल इतके अंतर कमी करतात आणि सुईच्या जागी अतिशय बारीक काचेची नळी लावतात. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००७ मध्ये या पद्धतीने एक मायक्रोमीटरपेक्षाही बारीक वैशिष्ट्ये छापून दाखवली. त्यांच्या सर्वांत बारीक नळीचा आतील व्यास ३०० नॅनोमीटर होता. साधा इंकजेट छापयंत्राचा थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि १० पिकोलिटरचा थेंब म्हणजे सुमारे २७ मायक्रोमीटर व्यास; शिवाय इंकजेटमध्ये थेंब ढकलून बाहेर काढला जातो, त्यामुळे तो छिद्रापेक्षा फारसा बारीक होऊ शकत नाही आणि दाट शाई चालत नाही. विद्युतक्षेत्र द्रवाला बाहेरून ओढत असल्याने धार छिद्रापेक्षा कितीतरी बारीक निघते आणि बरीच दाट शाईही चालते.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. सोन्याच्या नॅनोकणांच्या शाईचे अतिसूक्ष्म थेंब एकामागून एक एकाच जागी पाडत गेल्यावर तिथे एक उंचवटा तयार होतो. त्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि पुढचा थेंब आपोआप तिथेच खेचला जातो. अशा रीतीने शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे उभे खांब रचता येतात. सेऊल राष्ट्रीय विद्यापीठातील गटाने तर द्रवच काढून टाकला. ठिणग्यांच्या साहाय्याने धातूचे कोरडे, विद्युतभारित नॅनोकण तयार करायचे आणि छिद्रे असलेल्या विद्युतरोधक मुखवट्यावर आधी आयन साठवायचे, म्हणजे प्रत्येक छिद्र कणांना मध्यभागी एकवटणाऱ्या भिंगासारखे वागते. २०२१ मध्ये त्यांनी याच तत्त्वाने धातूच्या त्रिमितीय नॅनोरचना छापल्या. द्रव नसल्याने तिथे कॉफीच्या डागासारखी कडा उमटत नाही आणि कणांचे गोळेही होत नाहीत.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत यातले काही जसेच्या तसे करणे अवघड आहे. एक मायक्रोमीटरच्या नळीत ३० नॅनोमीटरचे कण सहज मावतात, पण त्यांच्या गुठळ्या मावत नाहीत आणि नळी तुंबते. अशा नळ्या वापरणारे शाई बारीक गाळणीतून गाळूनच वापरतात. आपल्याला मिलिमीटरच्या आसपासच्या आकृत्या पुरत असतील, तर पातळ पत्र्यात किंवा पॉलिइमाइडच्या फिल्ममध्ये खिडक्या कापून तो मुखवटा काचेवर ठेवावा आणि त्यावरून फवारा मारावा. पत्र्याचा मुखवटा अर्थ केलेला असेल तर तो बराच माल स्वतःवर ओढून घेतो. फिल्मचा मुखवटा विद्युतभारित होऊन थेंबांना खिडकीकडे ढकलतो, म्हणून माझी पसंती त्याला आहे.

उत्पादनाच्या वेगाबद्दल भ्रम नसावा. ताशी १ मिलिलिटर आणि आकारमानाने ०.१४ टक्के म्हणजे तासाला १.४ घन मिलिमीटर घन पदार्थ. ४ सेंटिमीटरच्या वर्तुळावर तो पसरला तर तासाभरात जेमतेम १ मायक्रोमीटर, आणि थर निम्मा पोकळ धरला तर २ मायक्रोमीटर जाडी मिळते. प्रवाहदर घटवल्यावर हे आणखी मंदावते. उद्योगात यावर शेकडो सुयांची रांग लावणे हा तोडगा असतो, मात्र शेजारच्या सुयांची विद्युतक्षेत्रे एकमेकांना बाधतात आणि कडेच्या सुयांच्या धारा बाहेरच्या बाजूला झुकतात.


मिरजकर

आयटीओ चिमट्याने जोडून पाहिले. थर कडांकडे सरकणे थांबले आहे आणि रोधकावर ४० ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान स्थिर वाचन मिळते आहे. शेवटचा एक प्रश्न विचारतो. संवेदकासाठी आम्हाला साध्या काचेवर सोन्याच्या, एकमेकांत बोटे गुंतवल्यासारख्या विद्युतअग्रांवर (इलेक्ट्रोडांवर) हा थर द्यायचा आहे, ज्यातील दोन बोटांमधले अंतर २०० मायक्रोमीटर आहे. तिथे काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?


प्रतिसाद : कणाद

होय, आणि ती आधीच घेतलेली बरी. दोन्ही विद्युतअग्रे अर्थ केलीत तर क्षेत्ररेषा सोन्याच्या पट्ट्यांवर जाऊन मिळतील आणि मधल्या काचेवर विद्युतभार साठत जाईल. त्यामुळे झिंक ऑक्साइड पट्ट्यांवर दाट आणि मधल्या फटीत विरळ बसण्याचा धोका आहे, आणि संवेदकाचा रोध ठरतो तो नेमका फटीतल्या थरावर. एकच अग्र अर्थ केलेत तर दुसरे अधांतरी राहून आणखी गोंधळ होईल, म्हणून दोन्ही अग्रे फवारणीपुरती तारेने एकत्र जोडून अर्थ करावीत. काच दीडशे अंशांपर्यंत तापवल्यास फटीतला विद्युतभार लवकर उतरतो. मात्र इतक्या उष्णतेला थेंब आणखी लवकर सुकत असल्याने त्या वेळी ब्युटेनॉलऐवजी इथिलीन ग्लायकॉल वापरावे आणि सुईचे टोक तापलेल्या पाटीपासून किमान ४ सेंटिमीटर दूर ठेवावे, नाहीतर शंकूच सुकून सुई बंद होते. अंतर वाढल्यामुळे शंकू उभा राहायला आता सुमारे ४.४ किलोव्होल्ट लागतील. थर दिल्यावर अग्रे सुटी करून सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम फटच तपासावी, आणि ती भरलेली दिसत नसेल तर संवेदकाच्या चाचणीला हात लावू नये.